साधा ओरखडाही नाही

स्वतःच्या गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन वेल्डरने आडव्या दांड्यावर हातोडीचा एक टोला दिला आणि पडल्या पडल्याच ओरडून विचारले,

"ऐकलंत? कसा ठणकन बोलला! कुठे बारीकशी चीर असती ना, तर भद्द आवाज आला असता."

बाहेर उकिडवा बसलेला मधमाशीवाला डोके तिरके करून खाली डोकावत होता. जिथे फुलोरा असेल तिथे मधाच्या पेट्या वाहून न्यायला त्याने एक छोटा ट्रेलर घेतला होता आणि तो ओढण्यासाठी त्याच्या गाडीलाही मागे असाच हूक बसवून हवा होता. हूक हे आपले म्हणायचे नाव. प्रत्यक्षात बंपरच्या आत, गाडीच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी जखडलेला एक जाड लोखंडी दांडा आणि त्याच्या मधोमध शेपटासारखा मागे आलेला मुठीएवढा गोळा. दुकानात मिळणारे हूक बोल्ट सोडले की निघतात. वेल्डरचे निघत नसत. तो ते थेट सांगाड्याला वेल्ड करी, आणि जिथे एक शिवण पुरेशी असे तिथे दोन मारी. आपल्या हातचा जोड आजवर सुटलेला नाही, हे कुणी विचारण्याआधीच सांगायची त्याला सवय होती.

"मागून व्हॅन आदळली होती, ती हीच गाडी ना?" मधमाशीवाल्याने विचारले.

"हीच." वेल्डर गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. "सिग्नलला उभे होतो आम्ही. त्या व्हॅनचं नाक चेपलं, रेडिएटर फुटला, सगळं पाणी रस्त्यावर. आणि आपल्याला? या, हात फिरवून बघा. साधा ओरखडाही नाही."

मधमाशीवाल्याने बंपरवरून हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश.

"म्हणजे ट्रेलर नसला तरी हूक राहू द्यायचा म्हणता."

"राहू द्यायचा म्हणजे? काढायचाच नाही. मागच्याला अद्दल घडते."

दोघेही हसले. तेवढ्यात वेल्डरची बायको चहा घेऊन बाहेर आली. पायरी उतरताना ती खाली बघत नव्हती. पायाने चाचपत उतरत होती. कप द्यायला वळली तीही अखंड वळली, ट्रे, खांदे, कंबर सगळे एकदम, बिजागरीवर दार फिरावे तशी.

"वहिनी, मानेला काय झालं?"

"काही नाही हो भाऊ. आखडलीय थोडी."

खिडकीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या वेल्डरच्या आईला तेवढे निमित्त पुरले.

"थोडी कुठली! त्याच दिवसापासून चाललंय. गाडी ठणठणीत, चालवणारा ठणठणीत, आणि शेजारी मऊ गादीवर बसलेल्या आमच्या राणीसाहेबांची मान तेवढी मोडली. एक्स-रे काढले, त्यात काही नाही. तरी डॉक्टरीण म्हणते, पट्टा घाला. मी म्हटलं घाल बाई, एवीतेवी गळ्यात काही नाहीच तुझ्या, तेवढाच दागिना!"

बायको सर्वांत आधी हसली. हसताना तिचा हात आपोआप मानेमागे गेला, आणि कपाळावरची बट सारायच्या निमित्ताने तिने तो पुढे आणला.

ती रफूचे काम करी. लाँड्रीवाला कसर लागलेले कोट, निखाऱ्याने भोक पडलेल्या शाली तिच्याकडे पाठवी, आणि कापडाचाच दोरा काढून ती भोक असे भरी की पुढे त्याची जागा तिची तिलाही सापडू नये. तासन्‌तास मान खाली घालून करायचे काम. अपघातानंतर गाठोडी तशीच पडून राहिली होती. आता लाँड्रीवाल्याचा निरोप आला होता: उद्यापासून बसणार असाल तर बसा, नाहीतर मी दुसरी बाई बघतो.

"उद्यापासून बसतेय ती," खिडकीतून आवाज आला. "खूप झाले लाड."

"दुखत असेल तर घाई करू नका, वहिनी," मधमाशीवाला संकोचून म्हणाला.

"दुखणं दिसत नाही ना, भाऊ. कोटाला भोक पडलं की सगळ्यांना दिसतं."

ती ट्रे घेऊन अखंड वळली आणि आत गेली. वेल्डरने चहावर फुंकर घातली. या बायकांच्या बोलण्यात तो पडत नसे. बायको खोटे बोलते असे त्याला वाटत नव्हते. पण गाडी खोटे बोलेल असेही वाटत नव्हते, आणि माणसांपेक्षा लोखंडाचे बोलणे त्याला नेहमीच लवकर कळत आले होते.

जाताना मधमाशीवाल्याने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"माझ्या आईला पुढे बसायची भीती वाटते. मागेच बसते ती. म्हणून म्हणतो, दणकट करा. मागून ट्रक जरी आला तरी तिला कळता कामा नये."

"कळणार नाही," वेल्डर म्हणाला.

शेडमध्ये दुपारचे ऊन पत्र्याच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी उतरले होते. त्याने नव्या हुकाचा दांडा व्हाइसच्या जबड्यात आवळला. दांडा एका टोकाला किंचित वाकडा होता. तो सरळ करायला त्याने मोठा हातोडा उचलला आणि पूर्ण ताकदीने हाणला.

दांडा जागचा हलला नाही. झटका मात्र हातोड्यातून मनगटात, मनगटातून कोपरात आणि खांद्याला वळसा घालून थेट मानेच्या मुळाशी गेला. हा झटका त्याला नवा नव्हता. या धंद्यात पहिल्याच आठवड्यात तो सगळ्यांना भेटतो, आणि मग मूठ सैल धरायला माणूस आपोआप शिकतो. त्याने मूठ सैल केली, पाय रोवले, आणि पुन्हा हातोडा उगारताना त्याचे लक्ष कुठल्याशा गाडीच्या, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या जुन्या दाराकडे गेले.

का कोण जाणे, त्याने तो घाव दारावर घातला. पत्रा भसकन आत गेला. हाताला काहीच झाले नाही. उशीवर मारावे तसे वाटले.

मग वळून त्याने दांड्यावर घाव घातला, मूठ मुद्दाम घट्ट धरून. दात एकमेकांवर आपटले. पुन्हा दारावर. पत्रा आणखी मोडला आणि झटका त्याच्या घडीत कुठेतरी गडप झाला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी पाहिले असते, तर या माणसाचे दारावर काय वाकडे आहे असे त्याला वाटले असते.

पत्रा मोडतो, म्हणून हात वाचतो. एवढी साधी गोष्ट. त्याने हातोडा खाली ठेवला.

तेव्हा त्याला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. बायकोसोबत तो पहिल्यांदा दवाखान्यात गेला होता, तेव्हा मान तपासून झाल्यावर बाईंनी अचानक त्याच्याकडे वळून विचारले होते, "गाडीला मागे काही बसवलंय का?" त्याला तो प्रश्न फार आवडला होता. एवढ्या शिकलेल्या बाई आपल्या कामाची चौकशी करताहेत या आनंदात तो दांड्याच्या जाडीपासून व्हॅनच्या रेडिएटरपर्यंत सगळे सांगत सुटला. बाईंनी पेन खाली ठेवले होते. त्यांना काहीतरी बोलायचे होते, हे आता त्याला दिसत होते. पण बाहेर रांग होती आणि त्याची गोष्ट संपत नव्हती.

तो आपल्या गाडीपाशी गेला आणि बायकोच्या जागेवर बसला. या जागेवर तो कधीच बसला नव्हता. इथून रस्ता जरा वेगळा दिसत होता. त्या दिवशी व्हॅन त्याला आरशात दिसली होती. त्याने स्टिअरिंग आवळून धरले होते, डोके मागे टेकवले होते. ती मात्र खिडकीकडे वळून त्याला बाहेरचे काहीतरी दाखवत होती. काय ते तिने नंतर कधी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नव्हते. हूक नसता तर तिला काहीच झाले नसते, असेही नव्हे. मानेचे काय सांगावे. पण मागचा पत्रा चेपला असता, मोडला असता, आपला वाटा त्याने उचलला असता. त्या पत्र्याला तेवढेही करू न देण्याइतके पक्के काम त्याने केले होते. दोन-दोन शिवणी मारून.

तो घरात गेला. बाहेरच्या खोलीत आईचा टीव्ही चालू होता. आतल्या खोलीत बायको खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. मानेचा पट्टा कॉटवर काढून ठेवलेला होता. पुढ्यात एक राखी कोट पसरला होता आणि ती सुईत दोरा ओवत होती, सुई डोळ्यांच्या उंचीला धरून.

"ऐक ना," तो दारातूनच म्हणाला.

"हं."

"तो हूक आहे ना..."

"मधमाशीवाल्यांचा?"

"आपला." तो कॉटच्या कडेवर टेकला. "व्हॅन आदळली तेव्हा आपल्या गाडीचा मागचा भाग चेपायला हवा होता. मी तो चेपू दिला नाही. मग तो दणका जाणार कुठे? तो तसाच आत आला, सीटमधून..." पुढचे त्याने हाताने दाखवले. हात त्याच्या स्वतःच्या मानेपाशी जाऊन थांबला.

दोरा सुईतून गेला. तिने त्याला गाठ मारली नाही. रफूच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत.

"हो," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या."

"कधी?"

"दुसऱ्या वेळी. मी एकटी गेले होते ना, तेव्हा. चांगलं अर्धं पान चित्र काढून समजावलं त्यांनी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की." तिने कोट उजेडाकडे ओढला. "त्याच दिवशी, जेवताना. तुम्ही म्हणालात, 'आता हूकही वाईट का माझा?' आणि आई म्हणाल्या, 'बघ हो, उद्या म्हणेल, भात करपला तोही हुकानंच.' खूप हसलात तुम्ही दोघं." थोडे थांबून तिने पुढे जोडले, "मीही हसले. तुम्ही इतकं हसत होतात."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. त्याला उत्तर देता आले असते. तो ते जेवण आठवू लागला. ताटे आठवली. आई कुठे बसते ते आठवले. डोक्यावरचा दिवा त्या सुमाराला फरफरत होता, तोही आठवला. स्वतःचे हसणे तेवढे कुठे सापडेना. इतके सहज आले असेल ते आणि इतके सहज गेले असेल, की त्याची जागासुद्धा उरली नव्हती.

"कापून टाकतो मी तो," अखेर तो म्हणाला.

"कापा. पुढच्या वेळी उपयोग होईल."

तिनेच विचारले,

"आणि मधमाशीवाल्यांना काय सांगाल?"

"बोल्टवर करून देतो. ट्रेलर नसला की अख्खा दांडा काढून ठेवायचा. त्यांची आई मागे बसते, म्हणून सांगेन."

"हसतील ते."

"हसू देत."

तिने दिवा खाली ओढला आणि कोटावर वाकली. अर्ध्यात आल्यावर थांबली. काचेला कपाळ लागावे तशी. डोळे मिटून एक श्वास घेतला आणि आणखी थोडी वाकली. सुई कापडाला टेकली. पहिला टाका पडेपर्यंत तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"आता कशाला करतेस?"

"उद्यापासून बसायचं तर आज बघायला नको, किती वेळ जमतंय ते?"

"नाही जमलं तर?"

"तर काय. आईंना वाटतंच आहे, मला करायचं नाही म्हणून." तिने दुसरा टाका घेतला. "मलाही वाटायला लागलंय कधी कधी. सकाळी जाग येते, तेव्हा क्षणभर दुखत नाही. तेव्हा वाटतं, आपणच तर नाही ना धरून बसलो हे सगळं."

ती हे कोटाशी बोलावे तसे बोलली. वेल्डरने कॉटवरचा पट्टा उचलला, हातात धरला, आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. तो तिच्या गळ्यात घालण्याइतका हक्क आज आपल्याला आहे की नाही, हे त्याला ठरवता आले नाही. तो उठला.

बाहेरच्या खोलीत आई पाय वर घेऊन टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर माणसे कशाला तरी हसत होती.

"आई, जरा बंद कर तो."

"संपतच आलंय रे."

"बंद कर. बोलायचंय तुझ्याशी. हिच्या मानेचं."

आईने त्याच्याकडे पाहिले, आणि काय दिसले कोण जाणे, रिमोट उचलला. घर एकदम शांत झाले. वेल्डर तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे तो बराच वेळ बघत राहिला. सुरुवात कुठून करावी ते त्या हातांना माहीत असावे तसा.

"तो हूक मी बसवला ना," तो म्हणाला.

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.