उजव्या अंगठ्याचा खटका

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. रेसिंग सायकलचे गिअर बदलायला कोणीही आलं, की मी आधी माझा तळहात पुढे करतो. "दाबा. एकेका बोटाने." बोटांत किती जोर आहे ते कळल्याशिवाय मी कंपनीचं नावसुद्धा काढत नाही. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

ताई आली तेव्हा मात्र मी हात पुढे केला नाही. घरचं माणूस, तिचं काय बघायचं!

उजव्या मनगटाच्या ऑपरेशननंतर ती वर्षभराने सायकलवर बसणार होती. रविवारच्या ग्रुपबरोबर पुन्हा जायचं, एवढा एकच ध्यास. "लोक दोन कंपन्या सांगतात. तू म्हणशील ती," म्हणाली. झालं, मला तेवढंच हवं होतं. मी तक्ताच मांडला. वजन, सुटे भाग, ब्रेकची पकड, सगळं. एका कंपनीत गिअर बदलायचे उजव्या हाताकडचे दोन्ही खटके बोटांनी दाबायचे. दुसरीत गिअर हलका करायला बोट आणि जड करायला अंगठा. ही अंगठेवाली माझी लाडकी, माझ्या सायकलवरही तीच. तासभर ताईचं डोकं खाल्लं आणि तीच बसवली.

"कशी आहे?"

"मस्त," ताई म्हणाली.

दोन महिन्यांत तिने ग्रुप सोडला. "सपाट रस्त्यावरही मागे पडते रे. वय झालं आता." मी वर तिलाच झापलं, "नुसती कारणं! सराव कर सराव."

आज तिच्या अंगणात तिची सायकल धुवायला घेतली. मागच्या चाकाला अकरा दातेरी चकत्या. सगळ्यात मोठी, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरची, साखळीच्या तेलाने काळीकुट्ट. बाकीच्या दहा कोऱ्या करकरीत. चढावर गिअर हलका केला की तिला तो पुन्हा जड करताच येत नव्हता. सपाट रस्त्यावर बिचारी नुसते पाय गरगर फिरवायची आणि ग्रुप पुढे निघून जायचा.

हात न धुताच तिच्या स्वयंपाकघरात गेलो.

"उजवा अंगठा चालत नाही ना तुझा?"

तिने गॅस बारीक केला. "तू इतक्या हौसेने बसवलं होतंस. तुझा चेहरा बघून बोलवेचना."

"अगं, मग मला शिव्या घालायच्यास! मी गाढव तुला सराव कर म्हणतोय!" मला माझीच लाज वाटली. मी काळा झालेला तळहात पुढे केला. "दाब."

तिने अंगठा टेकवला. मी वाट बघत उभा राहिलो.

"अगं, दाब की."

"दाबतेय रे," ताई म्हणाली. "मघापासून."