पाव किलो खव्याला एक कप

मी एक जुना कप आहे, मित्रांनो. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला. अंगावर निळी फुलं होती, त्यांतली अडीच शिल्लक आहेत. माझ्यातून कुणी चहा पीत नाही, पण म्हणून मला टाकाऊ म्हणाल तर मला राग येईल. डोंबिवलीच्या एका स्वयंपाकघरात, मैद्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. या घरातला सणासुदीचा प्रत्येक पदार्थ माझ्या मापाने झाला आहे. माझी गोष्ट मात्र फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही सहा भाऊ, सहा बशांसह, कल्याणच्या बाजारातून जवळच्याच मोहने गावात आलो. सुमतीबाईंचं तेव्हा नवीन लग्न झालं होतं. त्यांचे यजमान सुधीरराव तिथल्या कारखान्याच्या कचेरीत होते आणि राहायला कारखान्याचीच चाळ होती. वर्षभरातच सुधीररावांच्या हातून मी मोरीत पडलो आणि माझा कान गेला. कान नसलेल्या कपातून पाहुण्यांना चहा देता येत नाही. मला वाटलं, संपलं आपलं. पण सुमतीबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि मैद्याच्या डब्यात टाकलं. "मापाला होईल," म्हणाल्या.

आणि काय सांगू, मित्रांनो, माझं नशीबच उघडलं. दिवाळीचे शंकरपाळे, पाडव्याचे चिरोटे, नाताळच्या सुट्टीत कुकरमध्ये वाळू घालून केलेला केक, सगळ्याला मी. सुमतीबाईंची एक वही होती. कुठे काही चांगलं खाल्लं की त्या विचारून घ्यायच्या, घरी करून बघायच्या आणि जमलं की वहीत उतरवायच्या. त्या वहीत जिथे जिथे 'कप' असं लिहिलंय, तिथे तिथे मी आहे. माझ्या भावांना पाहुण्यांचे ओठ लागायचे, पण वहीत नाव माझं होतं. मी नुसता फुगलो होतो.

त्यांचे गुलाबजाम तर अख्ख्या चाळीत प्रसिद्ध होते. पाव किलो खव्याला एक कप मैदा, चिमूटभर सोडा. जिभेवर ठेवला की विरघळायचा. कौतुक सुमतीबाईंचं व्हायचं, आणि मी डब्यात बसून त्यातलं अर्धं माझ्या नावावर करून घ्यायचो.

आमच्या खालच्या खोलीत शालन राहायची. तिचा नवरा धोंडिबा कारखान्यात मशीनवर होता. दोघी एकाच वयाच्या. दुपारी शालन वर यायची, दोघी तांदूळ निवडायच्या आणि हसायच्या. कशाला हसायच्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. विरजण न्यायला ती आपला स्टीलचा कप घेऊन यायची. चांगला मोठा कप होता तो. त्याच्याकडे बघून मी मनात म्हणायचो, केवढा हा धटिंगण, माझ्यासारखे दोन बसतील याच्या पोटात. हे मी तेव्हाच म्हटलं होतं, आणि तेच मला आजपर्यंत टोचतं.

एका बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात शालन वर आली.

"वहिनी, ह्यांनी खात्यातल्या माणसांना जेवायला सांगितलंय. फोरमन साहेबपण येणारेत. आमच्याकडे पहिल्यांदाच येतायत सगळे. खीर तर करतेच आहे, पण म्हटलं तुमच्यासारखे गुलाबजाम करावेत. लिहून देता?"

"अगं, त्यात काय एवढं," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली आणि एका कागदावर सगळं नीट उतरवून दिलं. खवा पाव किलो. मैदा एक कप. शालनने कागद वाचला, घडी घातली आणि कनवटीला लावला. "आणि तुम्ही यायचं हं. तुमच्याशिवाय मी पानं मांडणार नाही."

"येणार म्हणजे काय, वाढायलाच येते," सुमतीबाई म्हणाल्या.

मैद्याच्या डब्याचं झाकण उघडंच होतं. मी तिथे होतो. एक कप म्हणजे मी, तो धटिंगण नव्हे, एवढं सांगायला मला तोंड हवं होतं. कान तर आधीच गेलेला.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी ठाण्याहून सुमतीबाईंच्या सासूबाई आल्या, न कळवता. संध्याकाळी खाली बुद्धवंदना झाली, पानं मांडल्याचा आवाज आला. सुमतीबाई साडी बदलायला उठल्या. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "खाली जेवायला जाणार आहेस?"

सुमतीबाई थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय." आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून पडल्या. सासूबाईंना शालनच्या घरचं अन्न चालत नव्हतं. का चालत नव्हतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा, मित्रांनो, आणि त्यांनी टाळलं तर पुन्हा विचारा.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणावर होती. खालचं सगळं मला ऐकू येत होतं. आधी गप्पा, मग वाढप, मग एकदम शांतता. आणि मग एक जाडा आवाज, "काय रे धोंडिबा, जेवायला बोलावलंस की गोट्या खेळायला?" सगळे हसले. धोंडिबाही हसला, सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवसापासून शालन वर आली नाही. नळावर समोरासमोर आल्या तरी ती मान वळवायची. सुमतीबाई दोनदा जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकदा सुधीररावांना म्हणाल्या, "मी त्या दिवशी गेले नाही म्हणून रागावलीय. बरोबरच आहे तिचं. काय तोंड घेऊन जाऊ?" आणि गेल्या नाहीत. वर्षभरात सुधीररावांनी डोंबिवलीला जागा घेतली. आम्ही टेम्पोत बसलो तेव्हा शालनचं दार बंद होतं.

इतकी वर्षं मी एकच गोष्ट मनाला लावून घेतली की हे सगळं माझ्यामुळे झालं. शालनला वाटलं असणार, वहिनींनी मुद्दाम चुकीचं लिहिलं, आपल्या हातचं चांगलं होऊ नये म्हणून. आणि वर फजिती झाल्यावर विचारायलाही आल्या नाहीत. आता वाटणार नाही तर काय? तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

पुढे दिवस पालटले. माझे पाचही भाऊ एकेक करून फुटले. सुधीरराव गेले. गुलाबजाम तयार पिठाच्या पाकिटातून व्हायला लागले आणि मी डब्यात नुसता पडून राहिलो. वही माळ्यावर गेली.

मग गेल्या डिसेंबरात सोसायटीत वर्षअखेरचं स्नेहसंमेलन ठरलं. प्रत्येक घराने आजीच्या वहीतला एक जुना पदार्थ करून आणायचा, अशी टूम निघाली. सुमतीबाईंची नात ऋजुता हौशी. आजी डोळे तपासायला गेलेली असताना तिने वही काढली आणि गुलाबजाम करायला घेतले. मैदा काढताना तिने मला उचलून बाजूला ठेवलं. तिच्याकडे मापाच्या कपांचा नवा चकचकीत संच होता, त्यातला सगळ्यात मोठा तिने घेतला.

सुमतीबाई आल्या, त्यांनी एक गुलाबजाम तोंडात टाकला आणि तसाच हातात काढला.

"मैदा किती घातलास?"

"एक कप. एक्झॅक्ट वहीत आहे तसंच केलेलं, आजी. माझं काही चुकलेलं नाही हां."

"कुठल्या कपाने?"

ऋजुताने तो कप दाखवला. सुमतीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग ओट्यावर पडलेल्या माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून खाली बसल्या.

"शालनकडे स्टीलचा होता," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिचेही असेच कडक झाले असणार. मी तिला कप म्हणून लिहून दिलं गं. कुठला ते सांगितलंच नाही."

संमेलनाला त्या गेल्या नाहीत. चार फोन करून त्यांनी शालनचा पत्ता मिळवला. ती अजून मोहन्यालाच होती, मुलाकडे. दुसऱ्या दिवशी मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि ऋजुताला घेऊन त्या रिक्षाने निघाल्या. पिशवीत मी देवाला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. म्हटलं, आज सुटलो.

दार शालनच्या सुनेने, प्रीतीने उघडलं. शालन कॉटवर बसून लसूण सोलत होती. तिने ओळखलं, पण उठली नाही. "बसा," म्हणाली.

सुमतीबाईंनी मला रुमालातून काढलं आणि सगळं सांगितलं. शालनने मला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मग प्रीतीकडून एक मोठा कप मागून घेतला, मला पाण्याने भरलं आणि ते पाणी त्यात ओतलं. निम्म्यालाही पोचलं नाही.

"एवढंच?" शालन म्हणाली.

"एवढंच गं."

शालनने तो मोठा कप बाजूला सरकवला. "मला वाटलं, मुद्दाम केलंत. ह्यांना किती बोलले मी तुमच्यावरून. हे म्हणायचे, वहिनी तशा नाहीत." मग म्हणाली, "त्या दिवसानंतर ह्यांनी कुणाला घरी जेवायला बोलावलं नाही. मुलाच्या लग्नातसुद्धा हॉलवर पंगत घातली. आठ वर्षं झाली त्यांना जाऊन."

सुमतीबाई रडायला लागल्या. मला वाटलं, आता मिटलं. पण शालनने मला खाली ठेवलं आणि विचारलं, "कपाचं कळलं. त्या दिवशी आला का नाहीत?"

सुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले. डोकं दुखत होतं, असं त्या आताही म्हणू शकल्या असत्या. "सासूबाई आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांना तुमच्याकडचं चालत नव्हतं. मला चालत होतं, पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी खोटं बोलले आणि दार लावून पडून राहिले."

"माहीत होतं मला. त्या गॅलरीत उभ्या होत्या, खालून दिसत होत्या." शालन पुन्हा लसूण सोलायला लागली. "गुलाबजामांचं एक वेळ विसरले असते मी. तुमचं पान मांडून ठेवलं होतं, ते सगळ्यांसमोर उचलावं लागलं."

प्रीती चहा घेऊन आली. शालन मान वर न करता म्हणाली, "त्यांना चालतं का, विचार आधी."

सुमतीबाईंनी कप घेतला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निघताना म्हणाल्या, "डोंबिवलीला येशील का, शालन? मी करते गुलाबजाम."

"बघू," शालन म्हणाली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ती आलेली नाही. दाराची घंटा वाजली की सुमतीबाई स्वतः उठून जातात.

मित्रांनो, छत्तीस वर्षं मी स्वतःला दोष देत होतो. आता वाटतं, माझी लायकी तेवढी मोठी नव्हती. सुमतीबाई त्या संध्याकाळी नुसत्या बारा पायऱ्या उतरल्या असत्या, तर पहिल्याच घासाला त्यांना कळलं असतं आणि सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या असत्या की थांबा, चूक हिची नाही, माझी आहे. धोंडिबाही मग खोटं हसला नसता. म्हणून तुम्हाला विनवणी आहे. वहीत माप लिहाल तेव्हा ते कुठल्या कपाचं, तेही लिहा. आणि कुणी तुमच्यासाठी पान मांडलं असेल तर जा. घरातलं कुणीही डोळे वटारून बसलेलं असलं तरी जा. गुलाबजाम कडक झालेले असले तर दोन जास्त खा.