शिक्क्याऐवजी माणूस

आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांचे एक पत्र मला श्रावणात आले होते आणि त्याला मी उत्तर दिले नाही. वाचनालय माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चिटणीस मार्तंडराव कर्णिक मला रोज सकाळी दुधाच्या केंद्रावर भेटतात. तरीही समितीचा व्यवहार पोस्टानेच व्हायला हवा, असा त्यांचा दंडक. पत्रात लिहिले होते : ‘नवा चित्रग्रंथ नियमाप्रमाणे बांधणीस पाठवण्यात येईल व चित्रांवर शिक्के मारण्यात येतील. आठ दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती समजण्यात येईल.’

ही शेवटची ओळ माझ्यासारख्यांसाठीच घातलेली असावी. ग्रंथनिवड समितीवर मी बरीच वर्षे आहे आणि इतकी वर्षे मी तिथे मान डोलावत आलो आहे. बोलायचे मनात येते, पण वाक्य जुळवेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेलेली असते. मग वाटते, बरेच झाले. आपल्याला तरी काय कळते?

हा ग्रंथ घ्यावा, हेही मी तोंडाने बोललो नव्हतो. चिठ्ठी लिहून टेबलावर सरकवली होती. पहाडी लघुचित्रांचा मोठा ग्रंथ. प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर छापून जाड पानावर फक्त वरच्या कडेने चिकटवलेले. खालून हलकेच उचलले तर झुलते. भोवती चार-चार बोटे कोरी जागा. समितीत तो हातोहात फिरला तेव्हा एकाने म्हटले, ‘‘कागद किती फुकट घालवलाय!’’ मी मान डोलावली नाही, पण बोललोही नाही. नवे पुस्तक एका सभासदाने घरी नेऊन तपासायचे असते. म्हणून तो माझ्याकडे आला.

पेन्शनीत निघाल्यापासून मी दर मंगळवारी मुलुंडहून फोर्टात चित्रप्रदर्शने बघायला जातो. काळ्या घोड्याजवळ नवे कलादालन झाल्यापासून तर एकही मंगळवार चुकलेला नाही. चित्रे मला कळतात असे मी म्हणणार नाही. मी कोपऱ्यात उभा राहतो. दारावरचा माणूस एक दिवस ‘आपण इथे कशाला?’ असे विचारील, अशी धास्ती मला असायची. माझी बायको कुंदा म्हणायची, ‘‘भिंतीवर टांगलेलं बघायला फोर्टात जाता. इथे घरात कॅलेंडर दोन महिने मागे राहिलंय, ते दिसत नाही.’’

पण हे पुस्तक घरी आले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी बघितले तर कुंदाने हात धुऊन, पदराला पुसून, पुस्तक पाटावर ठेवले होते. विहिरीपाशी दोन बायका, एकीच्या पायात काटा मोडलेला, दुसरी तो सुईने काढते आहे, असे ते चित्र.

‘‘बघा, ओठ कसा दातात धरलाय,’’ ती म्हणाली. ‘‘जिच्या पायात काटा आहे तिने नाही. काढणारीने!’’

मी ते पान कितीदा पाहिले होते. ओठ माझ्या लक्षात आला नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी पाट मांडला जाऊ लागला. आणि माझे आठ दिवस उलटून गेले. रोज मी दौत उघडायचो आणि बंद करायचो.

एका शनिवारी मार्तंडराव स्वतःच आले. हातात छत्री, बगलेत वर्तमानपत्र. माणूस वाईट नाही. वाचनालयासाठी दारोदार हिंडून त्यांनी कपाटे जमवली आहेत.

‘‘सबनीस, सोमवारी बाइंडर येतोय. पुस्तक तयार ठेवा.’’

‘‘ते... त्याला बांधणी आहेच,’’ मी म्हणालो.

‘‘ही कसली बांधणी? चार हातांत गेली की सुटेल. तो वेष्टन काढून टाकील, कडा यंत्रावर कापून सारख्या करील, काळं कापड चढवील. आणि ही चित्रं लोंबतायत ना, खळ लावून घट्ट बसवील. झकास होईल.’’

‘‘आणि शिक्के?’’ आतून कुंदाने विचारले.

‘‘मारायलाच हवेत, वहिनी. मागे एका बहाद्दराने ब्लेडने पानं कापून नेली. आता प्रत्येक चित्राच्या मधोमध शिक्का. चोराला कापून काय फायदा?’’

‘‘मधोमध म्हणजे त्या बाईच्या तोंडावर?’’

‘‘शिक्का तोंड बघून मारत नाहीत,’’ मार्तंडराव हसले. ‘‘आणि तुमच्या यजमानांची संमती आहे. काय हो सबनीस?’’

माझी मान हलली. सवयीने हलली. मार्तंडराव चहा पिऊन गेले. कुंदाने कपबशा उचलल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘गल्लीतल्या भिंतीवर डांबराने एवढ्या मोठ्या घोषणा लिहिल्यात, त्या वाचायला तेवढे चष्मा लावून उभे राहता. स्वतः मात्र एक ओळ लिहायची नाही.’’

मी चष्मा काढून पुसू लागलो.

‘‘उद्या मला तुमच्या त्या प्रदर्शनाला न्या,’’ ती म्हणाली.

‘‘उद्या मंगळवार नाही.’’

‘‘चित्रं फक्त मंगळवारी टांगतात का?’’

रविवारी दुपारी आम्ही गेलो. तिने ठेवणीतले इरकली नेसले होते. पायऱ्या चढून दाराशी आलो आणि मी मागे वळून पाहिले तर कुंदाने चपला काढून, जोडीने, भिंतीकडेला ठेवल्या होत्या.

दारावरचा माणूस धावत आला. ‘‘मावशी, चपला घाला. हे देऊळ नाही.’’

‘‘ते मला कळतंय,’’ कुंदा म्हणाली. ‘‘देऊळ असतं तर इतकं शांत असतं का?’’

आत उभी असलेली दोन-चार पोरे हसली. एक सुटाबुटातले गृहस्थ वळून माझ्याकडे बघू लागले. ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो हाच. एरवी मी ‘अगं, घाल त्या’ असे पुटपुटलो असतो आणि पहिल्याच भिंतीवरून परत फिरलो असतो. पण फरशी खरोखरच लख्ख होती आणि ती त्या फरशीवर अनवाणी, काही न चुकल्यासारखी उभी होती. चुकले नव्हतेच काही. मी खाली वाकलो. बुटांच्या नाड्या सोडायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे बघत होते. बघू दिले. मी माझे बूट तिच्या चपलांशेजारी ठेवले आणि त्या माणसाला म्हणालो, ‘‘आम्ही असेच बघणार.’’

आवाज जरा मोठाच निघाला असावा. तो बाजूला झाला.

आत कुंदा एका मोठ्या निळ्या चित्रापुढे थांबली. भांडी घासणारी बाई, चेहऱ्याच्या जागी नुसता रंग.

‘‘हिचं तोंड काढायचं राहिलंय.’’

‘‘ते मुद्दाम तसं आहे.’’

तिने पुन्हा पाहिले. ‘‘मग बरोबर आहे. भांडी घासताना आपल्याला कोण तोंड बघून ओळखतं?’’

थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘इथे शिक्के कुठे मारतात?’’

‘‘इथे नाही मारत.’’

‘‘का? चोरीला नाही जात?’’

‘‘माणूस बसवतात.’’ मी दारावरच्या माणसाकडे बोट केले. तो आता आमच्या पादत्राणांजवळ उभा होता, जणू तीही प्रदर्शनातली.

‘‘मग आपल्याकडे माणूस का बसवत नाहीत?’’

उत्तर काय आहे ते मला दिसले होते. वाचनालयात बसून, समोर येईल त्याच्याशी बोलायचे, हात धुतलेत का विचारायचे, पान कसे उलटायचे ते दाखवायचे! आणि हे सगळे मी!

घरी आल्यावर दिवेलागणीला मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘आपली हरकत नसल्यास’ होते, ‘कदाचित’ होते, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ही होते. कुंदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘‘वाचा.’’

मी वाचले.

‘‘‘विचार व्हावा’ म्हणजे? कुणी करायचा विचार?’’

‘‘समितीने.’’

‘‘तुमचा झालाय ना करून?’’

झाला होता. मी नवा कागद घेतला.

‘चिटणीस यांस, चित्रग्रंथाच्या बांधणीस व शिक्क्यांस माझी संमती नाही. माझे मौन ही माझी संमती नव्हती. यापुढेही ती तशी समजू नये. चित्रे चोरीला जाऊ नयेत हे आपले म्हणणे खरे आहे. त्यासाठी मंगळवारी व शनिवारी संध्याकाळी मी स्वतः वाचनालयात ग्रंथाजवळ बसेन आणि ज्यांना पाहायचा असेल त्यांना दाखवीन. इतर वेळी तो कपाटात राहील. आपण हे लेखी मान्य करेपर्यंत ग्रंथ माझ्या घरी आहे आणि बाइंडरच्या हाती मी तो देणार नाही. समितीला हे पसंत नसेल तर मला समितीवरून काढावे, पण कडा कापू नयेत. — श्यामकांत सबनीस.’

सही करताना अक्षर बिघडले, तरी पुन्हा लिहिले नाही. मंगळवारी मात्र मी फोर्टात जाऊ शकणार नाही, हे पाकीट बंद केल्यावर लक्षात आले.

सोमवारी सकाळी कुंदाने जुन्या खणाचे बासन शिवायला घेतले होते, पोथीला असते तसे, फक्त मोठे. मी पाकिटावर नव्या पैशांचे तिकीट लावले.

‘‘एवढ्याशा वाटेला तिकीट?’’ ती म्हणाली. ‘‘हातात देऊन या की!’’

‘‘समोर गेलो तर मान हलेल.’’

तिने सुई थांबवली. ‘‘मग पोस्टातच टाका,’’ म्हणाली. आणि पायात चपला सरकवून माझ्याबरोबर निघाली.

नाक्यावरची लाल पेटी नुकतीच उघडून रिकामी केलेली होती. पाकीट मी फटीत धरले. वाचनालयाच्या दारात मार्तंडराव उभे होते, सायकलवाल्या बाइंडरशी बोलत. त्यांनी मला पाहून हात वर केला, पुस्तक आणलेत का, अशा अर्थी. माझी मान हलायच्या बेतात होती. मी ती ताठ धरली आणि बोटे सोडली.

पेटीच्या तळाशी पाकीट आपटल्याचा आवाज झाला.