तळ्यातून वर आलेलं रीळ

“दादाने हाक मारली होती का?”

गौरांग जर्मनीत आला त्या दिवसापासून हे एकच विचारत होता. डॉक्टरांना विचारलं, पोलिसांना विचारलं, वहिनीला तर भांडी घासताना पाठीमागून गाठून विचारलं. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं. पोलीस म्हणाले, होडीत दुसरं कोणी नव्हतं. वहिनीने नळ मोठा केला.

मला कोणी विचारलं नाही. आणि होडीत मी होतो.

मी बोलतोय, त्याच्या दादाचं मासे धरायचं रीळ. साधं हाताने फिरवायचं नव्हे, विजेवर चालणारं. माझ्या पोटात मोटर आहे आणि माथ्यावर एक छोटा पडदा. गळाचा दोरा किती मीटर बाहेर गेलाय ते त्या पडद्यावर दिसतं. खटका दाबला की मी दोरा आपोआप ओढून घेतो. कारखान्यात मला घडवलं ते खोल समुद्रासाठी. नशिबात आलं वाल्डॉर्फजवळचं, खडी उपसून झालेलं एक तळं.

दादाने, म्हणजे उत्कर्षने, मला घेतलं ते खांद्यामुळे. सॉफ्टवेअर कंपनीत बसून बसून त्याचा उजवा खांदा आखडला होता. शर्टात हात घालताना तोंड वाकडं व्हायचं. पण शनिवारी तळ्यावर जायचा हट्ट काही सुटत नव्हता. खालच्या मजल्यावरच्या हेर क्रेमरनी, म्हणजे क्रेमरसाहेबांनी, त्याला मासेमारीचा नाद लावला होता. या देशात कोणीही उठून पाण्यात गळ टाकू शकत नाही, आधी परीक्षा द्यावी लागते. ती पास झाला तेव्हा उत्कर्षने चिंचवडला फोन लावला होता.

“गौऱ्या, इथे मासे धरायलाही परीक्षा असते रे!”

“मग मी तिकडे उपाशीच मरेन,” पलीकडून गौरांग म्हणाला. “मी नववी नापास.”

दोघे किती हसले होते! फोन माझ्या खोक्यावरच ठेवलेला होता, म्हणून मला माहीत.

आता तो शनिवार. ते मला सांगावंच लागेल, कारण दुसरं कोणी सांगणारं नाही.

निघताना उत्कर्ष बायकोला म्हणाला, “ईप्सिता, चल ना आज. ऊन पडलंय.” ती म्हणाली, “तुझ्या त्या मासळीच्या वासात? आणि उर्जाला पोहायच्या क्लासला न्यायचंय. तू जा.” यात भांडण नव्हतं. ती घरात मासा शिजू देत नसे, तो बाल्कनीत शिजवत असे, असं त्यांचं छान चाललेलं होतं.

तळ्याच्या मध्यावर होडी थांबवून त्याने दोरा सोडला. डबा उघडून धिरडं खाल्लं. मग गळाची काठी वाकली. त्याने खटका दाबला, मी ओढायला लागलो, आणि तो पुढे झुकून हसत म्हणाला, “अरे बापरे, हा तर...”

बस. एवढंच. त्याचा अंगठा माझ्यावर होता, तो सैल पडला. त्याने हाक मारली नाही. मारायचं त्याला सुचलंही नाही, कारण आपल्याला काही होतंय हे त्याला कळलंच नाही. त्याचं सगळं लक्ष माशात होतं.

मग काठी कडेवरून घसरली आणि मी पाण्यात गेलो. होडीला दोरीने बांधलेला होतो म्हणून तळाशी नाही पोचलो, नुसता लोंबकळत राहिलो. पाणी माझ्या पोटात शिरलं, पडदा विझला, मोटर गप्प झाली. मासा सुटून गेला. फायर ब्रिगेडच्या लोकांनी होडी काठाला आणली तेव्हा माझा दोरा पाणवनस्पतींत गुंतला होता. त्यांनी तो कापून टाकला. किती बाहेर होता, किती नव्हता, कोण बघतंय अशा वेळी?

पुढचे हाल ऐका. पोलिसांनी मला पिशवीतून घरी पोचवलं आणि ईप्सिताने मला तांदळात पुरलं. हो, तांदळात! सासूने चिंचवडहून पाठवलेल्या आंबेमोहोराच्या डब्यात. तिचा मोबाईल एकदा पाण्यात पडला होता, तेव्हा तिने असंच केलं होतं आणि तो सुरू झाला होता. पण मी मोबाईल नाही हो! माझ्या अंगात दातेरी चाकं आहेत, चाकांना वंगण आहे. तांदळाची पिठी फटीफटीतून आत गेली, ओल्या वंगणात कालवली गेली आणि तिची खळ झाली. पाण्याने जेवढं केलं नव्हतं तेवढं त्या प्रेमाने केलं.

कुकर लावायला तांदूळ काढताना गौरांगच्या हाताला मी लागलो. चिंचवडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात त्याचा हात तयार झालेला. मला उलटंसुलटं करून तो म्हणाला, “वहिनी, याची खीर करायची होती का?”

“सुकावं म्हणून ठेवलं होतं.”

“काय सुकलं? चिकटून दगड झालाय!”

“मला वाटलं होईल सुरू.” ती हळूच म्हणाली. “तेवढं तरी होईल.”

त्यावर त्याने गप्प बसायला हवं होतं. पण विचार करून बोलणारा तो नव्हेच. “तुम्ही तेव्हा बरोबर गेला असतात तर हे सगळं झालंच नसतं,” तो बोलून गेला.

तिने गॅस बंद केला आणि खोलीत गेली. त्यानंतर त्या घरात वहिनी-दीर फक्त दूध संपलंय आणि किल्ली कुठेय एवढंच बोलत.

दुरुस्तीला तो बसला तो रागानेच. पहिल्याच स्क्रूवर इतका जोर लावला की स्क्रूचं डोकंच झिजलं. मग केस वाळवायचं यंत्र आणून माझ्यावर असं धरलं की पडद्याभोवतीचं रबर वितळून वाकडं झालं. मोबाईलवर कोणी एक माणूस इंग्रजीत दुरुस्ती दाखवत होता, त्यालाच हा मराठीत शिव्या देत होता. शेवटी तिरमिरीत उठला आणि मला कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कोंबून बाल्कनीत गेला.

मला वाटलं, संपलं. पण त्या घरात उर्जा आहे. दहा वर्षांची, इथे वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने मला पिशवीतून बाहेर काढलं आणि बाल्कनीच्या दारात हातात धरून उभी राहिली.

“नाइन, काका,” ती गंभीरपणे ‘नाही’ म्हणाली. पुढचं त्याला समजावं म्हणून तिने मोडकंतोडकं मराठी जुळवलं. “पिवळ्यात प्लास्टिक. हे इलेक्ट्रो आहे. इथे नाही जात.”

“मग कुठे जातं?”

तिने मला टेबलावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. मग त्यालाही बसावं लागलं.

एक चाक अडकलं होतं ते सोडवायला त्याने हातोडी घेतली. ठक ठक सुरू झालं तोच दाराची घंटा वाजली. रविवार होता ना! इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी वर येतो. हेर क्रेमर ‘आज रविवार आहे’ असं तणतणत आले, “हॉयटे इस्ट झोनटाग!” आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. उगारलेला हात खाली आला. “आख,” ते म्हणाले, “उत्कर्षचं.”

ते खाली गेले आणि थोड्या वेळाने परत आले. हातात बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली, स्पिरिट आणि जुना टूथब्रश. तोवर गौरांगने झिजलेल्या स्क्रूला खाच पाडून तो काढला होता. दोघांना एकमेकांचं एक अक्षरही कळत नव्हतं, मधे दुभाषी उर्जा. एकाने खळ खरवडली, दुसऱ्याने पुसली. माझ्या तारांवर हिरवा गंज चढला होता, तो गौरांगने इतक्या हलक्या हाताने काढला की हाच का तो स्क्रू झिजवणारा, असं मला वाटलं.

पडदा पुसताना क्रेमर काहीतरी बोलले. गौरांगने मान वर केली. “काय म्हणतात?”

“किती दोरा बाहेर आहे ते इथे दिसतं,” उर्जा म्हणाली. “सगळा आत, मग शून्य.”

गौरांग थांबला. ब्रश तसाच हातात. “म्हणजे शेवटचा आकडा राहिला असेल यात?”

क्रेमरनी खांदे उडवले. “फिलाइश्ट.” म्हणजे असेल कदाचित.

त्या एका शब्दाने त्याला पछाडलं. मला कळत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. दोरा बाहेर असेल तर दादा मासे धरत होता, त्याला काही जाणवलंच नाही. आणि शून्य असेल तर दादाला आधीच बरं वाटेनासं झालं होतं. त्याने दोरा गुंडाळला, परत यायला निघाला. म्हणजे त्याला वेळ होता. म्हणजे हाक मारली असेल. आणि ऐकायला कोणी नव्हतं.

दारात ईप्सिता उभी होती. तिनेही ऐकलं होतं. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी नीट बोलली.

“मी रोज फोन उघडून बघते, गौरांग. त्या वेळचा एक मिस्ड कॉलसुद्धा नाही. कधी वाटतं, बरं झालं नाही ते. कधी वाटतं, एक असता तर निदान...” ती टेबलाजवळ आली. “सुरू झालं की मला सांग. काहीही असलं तरी सांग.”

अरे, पण तो आकडा माझ्याकडे नाही! बॅटरीची वायर गंजून तुटली, तशी माझी मोजणी पुसली गेली. नवी वायर जोडली की मी कोऱ्या पाटीने सुरू होतो. मी काय काय केलं असतं त्याला हे सांगायला! पण आमच्या तोंडी कोणी शब्द घातलेले नाहीत. खटका दाबला की गुरगुरायचं, दोरा संपला की टीं करायचं, एवढीच आमची भाषा.

आज मी त्यांच्या हॉलमधल्या कपाटात आहे. आवाज घोगरा झालाय, पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग राहिलाय, पण चालतो. वाचणाऱ्यांना माझी एक विनवणी आहे. पाण्यात पडलेल्या माझ्यासारख्याला तांदळात पुरू नका. वीज तोडा, धीराने उघडा, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत सुकू द्या. आणि आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. यंत्राला जे आठवतं ते सगळंच त्याच्या पडद्यावर येत नसतं.

पण तो दुरुस्तीचा शेवटचा दिवस सांगायचा राहिलाच. गौरांगचा व्हिसा संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं विमान होतं, बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. दुपारी त्याने माझं झाकण शेवटचं बसवलं, नवी वायर जोडली आणि बॅटरी लावली.

मोटर खोकली. मग फिरली. पडदा उजळला.

शून्य.

त्याचा चेहरा असा झाला की मला पुन्हा पाण्यात जावंसं वाटलं. त्याने ते शून्य खरं मानलं. मी गुरगुरत होतो, नाही रे, हे तुझ्या दादाचं नाही, हे माझं आहे, नव्याने सुरू झाल्याचं आहे! त्याला फक्त मोटर ऐकू येत होती.

मोटरच्या आवाजाने ईप्सिता स्वयंपाकघरातून धावत आली. हात पिठाचे. मागोमाग उर्जा.

“झालं सुरू? काय आलं?”

त्याने झटकन बॅटरीची वायर उपटली. पडदा काळा झाला. मला उपडं करून मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा त्याने बोलायच्या आधी विचार केला.

“गेलं वहिनी, क्षणभरच आलं होतं. पण बघितलं मी. दोरा बाहेर होता.”

“खरं?”

“आईशपथ. चांगला लांब होता. मासा लागला होता त्याला, तो ओढत होता. दादाचं काय, मासा दिसला की त्याला जगाचं भान नसायचं. त्याला काही कळलंच नाही, वहिनी. हाक मारावी असं काही झालंच नाही त्याला.”

ईप्सिता भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. पिठाचे हात तोंडावर धरून रडायला लागली. आतापर्यंत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. गौरांग उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसला. “मी बोललो होतो ते मनात ठेवू नका,” तो म्हणाला. तिने मान हलवली.

उर्जा अजून उभीच होती. बाबांचा मासा निसटला हे तिला पटत नव्हतं बहुतेक.

“ग्रोस?” तिने विचारलं. मोठा होता?

गौरांगने मला बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात फाकवले. मग तेवढे पुरेनात म्हणून आणखी फाकवले, एक हात भिंतीला लागेपर्यंत.