आडवा दरवाजा आणि एकोणिसावं प्रकरण

मी एक दरवाजा बोलतोय. आडवा पडून बोलतोय, म्हणून आवाज पोटातून आल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या. तेवीस वर्षं मी उभा होतो. गेली चार वर्षं आडवा आहे, आणि माझ्यापाशी बसून एक बाई कादंबऱ्या लिहिते. घरातली माणसं मला आता टेबल म्हणतात. म्हणोत बापडी.

मला थोरल्या सुताराने घडवलं. साधंच लाकूड, पण भरीव. तो रंधा मारायचा तेव्हा त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी भुशाच्या गुंडाळ्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत बसायची. ‘‘बाबा, दाराला किती पापुद्रे असतात?’’ असं तिने विचारलं होतं. थोरला सुतार म्हणाला, ‘‘गिऱ्हाईक थांब म्हणेपर्यंत.’’ मग त्याने मला या घराच्या मागच्या खोलीला बसवलं आणि दोनदा उघडझाप करून बघितली. मी कुरकुरलो नाही. त्याला बरं वाटलं.

दरवाजाच्या नोकरीत माणसं छान कळतात. टकटक करून उत्तराची वाट न बघणारी, आत कोणी नाही हे माहीत असूनही टकटक करणारी, मला उघडं टाकून वर ‘‘वारा कुठून येतोय?’’ असं विचारणारी. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. माझ्या वाट्याला मात्र दर वेळी आपटणंच आलं.

मग एके दिवशी मामंजी पडले.

मामंजी म्हणजे घरातले वडीलधारे. कोर्टात बत्तीस वर्षं टंकलेखक होते. साक्षीदारांचे जबाब टाइप करून करून त्यांना प्रत्येक वाक्यामागे ‘‘नोंद घ्या’’ म्हणायची सवय जडली होती. स्वयंपाकघरातला दिवा बदलायला म्हणून स्टुलावर चढले आणि खाली आले ते कमरेचं हाड मोडूनच. दवाखान्यातून चाकांच्या खुर्चीतून घरी आले. त्यांची सोय मागच्या खोलीत करायची ठरली, पण खुर्ची चौकटीत अडकली. दोन बोटांचा प्रश्न होता.

सुतारीण आली. हो, तीच, भुशाच्या गुंडाळ्या गोळा करणारी. बापाची हत्यारं आता तिच्याकडे होती. तिने चौकट मापली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘दार उतरवलं की दोन बोटं मिळतात.’’ पाच मिनिटांत मी बिजागऱ्यांवरून उतरलो आणि मागच्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आठ महिने मी भिंत बघितली. माझ्या खांद्यावर ओली फडकी वाळत पडायची. एका कोळ्याने संसार थाटला. रिकामपण वाईट हो. आपटून घेणं परवडलं.

त्या आठ महिन्यांत सूनबाई वाट्टेल तिथे लिहीत होती. सूनबाई म्हणजे मामंजींची सून. तिचं नाव पुस्तकांवर छापलेलं असतं, पण घरात मामंजी तिला सूनबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. सकाळी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जायची, आणि दुपारी घरी येऊन स्वतःचं लिहायची. कधी इस्त्रीच्या टेबलावर, कधी ओट्यावर, तर कधी कपडे धुवायच्या यंत्राच्या झाकणावर. यंत्र पिळायला लागलं की तिची नायिका थरथर कापायची.

पडल्या पडल्या वेळ जात नव्हता, म्हणून मामंजींनी तिचे कागद टाइप करायचं काम अंगावर घेतलं होतं. एकदा त्यांनी एक पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि मुलाला हाक मारली.

‘‘हे भूकंपात लिहिलंय का? या मुलीला टेबल नाही, नोंद घ्या. मी आता काठीने चालतो. मला पुढच्या खोलीत हलवा, इथे मागे कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही. आणि ते गॅलरीतलं दार आणून आडवं घाला.’’

‘‘बाबा, दार आहे ते.’’

‘‘त्याला कुठे माहीत आहे?’’

अशी माझी दुसरी नेमणूक झाली. एका बाजूला मामंजींच्या दोन पत्र्याच्या पेट्या एकावर एक, दुसऱ्या बाजूला बुटकं लोखंडी कपाट, आणि वर मी. माझी मूठ काढली, पण कडीचं भोक तसंच राहिलं. त्यातून रोज एखादी पेन्सिल खाली पडते आणि सूनबाई वाकून शोधते. तेवढाच तिला व्यायाम.

खोली लहान, पण तिची होती. समोर खिडकी, उजवीकडे शब्दकोश, डावीकडे कोऱ्या कागदांचा गठ्ठा. सूनबाईचा नवरा दातांच्या कवळ्या तयार करायचं काम करतो. त्याने कागद उडू नयेत म्हणून प्लास्टरचा एक जबडा आणून ठेवला. पहिल्यांदा बघणारा दचकतो.

एकच पंचाईत होती. खोलीला आता दार नव्हतं. दार मी होतो, आणि मी टेबल होतो. त्यामुळे सगळ्यांना मोकळं रान. लेक यायची, ‘‘आई, कात्री?’’ नवरा यायचा, ‘‘अगं, तुझ्या त्या गोष्टीतल्या माणसाचे पुढचे दात कसे आहेत? नाही, सहज.’’ आणि संध्याकाळी चारला काठी टेकत मामंजी यायचे, त्या दिवशीची पानं न्यायला.

कादंबरीत एक म्हातारा होता, घड्याळं दुरुस्त करणारा. सूनबाईचा त्याच्यावर जीव होता, आणि मामंजींचाही जडला होता. पानं उचलताना विचारायचे, ‘‘काय म्हणतोय आपला घड्याळवाला?’’ तो मनगटाला रबरबँड अडकवायचा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचा, संत्र्याचं साल एका पट्टीत सोलायचा. मामंजीही हे सगळं असंच करतात. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, देव जाणे. माझ्या तर आलं होतं.

एकोणिसावं प्रकरण सूनबाईने तीन दुपारी लिहिलं, आणि पुरं होईपर्यंत मामंजींना त्यातलं एकही पान दिलं नाही. एकदाही वर बघितलं नाही. शेवटच्या ओळीनंतर पेन खाली ठेवलं, दोन्ही तळहात माझ्यावर पालथे टेकवले. अकरा पानं होती. तिने ती जबड्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापखान्यात गेली असताना मामंजी आले. त्यांना धीर निघाला नसावा. उभ्यानेच वाचायला लागले. पाचव्या पानावर खुर्चीत बसले. अकराव्या पानावर चष्मा काढला. घड्याळवाला खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता, हातात संत्र्याची शेवटची फोड धरून.

मामंजींनी पानं नीट जुळवली. दाराच्या मोकळ्या चौकटीकडे एकदा बघितलं. वरच्या पेटीचं झाकण मधोमध दबलेलं आहे, तिथे तिच्यात आणि माझ्यात बोटभर फट राहते. त्या फटीत त्यांनी अकराच्या अकरा पानं सरकवली, मला दोनदा थोपटलं आणि निघून गेले.

आता मी काय करणार होतो? पानं माझ्या पोटाखाली आणि तोंड मला नाही!

दुपारी घर डोक्यावर घेतलं गेलं. कागद कपाटात नाहीत, रद्दीत नाहीत, लेकीच्या दप्तरात नाहीत. प्रकाशकाला महिनाअखेरीस हस्तलिखित हवं होतं, आणि सूनबाईपाशी दुसरी प्रत नव्हती.

‘‘पुन्हा लिही ना,’’ नवरा म्हणाला.

‘‘पुन्हा? अहो, ती काय कवळी आहे, साच्यातून परत काढायला?’’

ती मामंजींकडे वळली. ‘‘मामंजी, तुम्ही बघितलीत का पानं?’’

‘‘बत्तीस वर्षांत,’’ मामंजी कानाला रेडिओ लावून म्हणाले, ‘‘माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. नोंद घ्या.’’

हे खरं होतं. गहाळ होणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. कोर्टात मुरलेला माणूस तो.

सूनबाईचे डोळे भरले. ‘‘या खोलीला दार नाही ना, म्हणून हे होतं. कोणीही यावं, काहीही उचलावं. उद्याच्या उद्या दार लावून घेते. जमिनीवर बसून लिहीन, पण आतून कडी लावून लिहीन!’’ आणि तिने सुतारणीला फोन केला.

मी घाबरलो. पुन्हा उभं राहायचं या भीतीने नव्हे. मला उचलल्यावर काय दिसणार, त्या भीतीने.

सकाळी सुतारीण आली. तिने नवऱ्याला दुसऱ्या टोकाला उभं केलं. ‘‘एक, दोन, तीन, उचला!’’ मी वर गेलो, आणि पेटीच्या झाकणावर अकरा पानं उघडी पडली. एकावर एक, कडा जुळवलेल्या. त्या घरात कागदांच्या कडा तशा जुळवणारा माणूस एकच होता.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. म्हणजे जिथे दार असायला हवं होतं तिकडे. तिथे मामंजी काठी टेकून उभे होते.

‘‘मामंजी?’’ सूनबाईचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

‘‘माझ्याच्याने ते टाइप होईना,’’ मामंजी म्हणाले.

‘‘मग तसं सांगायचं! मी रात्रभर रडलेय.’’

‘‘मीही काही झोपलो नाही.’’ ते आत आले. ‘‘हे बघ, लेखिका तू आहेस. तुला तो म्हातारा मारायचा असेल तर मार. पण आधी माझ्या वस्तू त्याच्याकडून परत घे. रबरबँड माझे, वर्तमानपत्र माझं, संत्रं माझं. माझी सगळी इस्टेट त्याच्या अंगावर घालून त्याला खुशाल गार केलंस!’’

‘‘मामंजी, तो तुम्ही नाही हो.’’

‘‘मग मेला तेव्हा माझ्या छातीत का धडधडलं?’’

सूनबाई खाली पेटीवर बसली. पानं मांडीवर घेतली.

‘‘तुम्ही स्टुलावरून पडलात ना,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा हे गावाला होते. दवाखान्याच्या बाकावर मी एकटी होते, साडेचार तास. आत काय चाललंय कोणी सांगेना. तुमच्या खिशातलं संत्रं माझ्या हातात दिलं होतं त्यांनी. तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणालाच बोलले नाही. कुठेतरी ठेवायला हवं होतं मामंजी. इथे ठेवलं.’’

मामंजींच्या काठीचं टोक फरशीवर थोडं सरकलं. त्यांना हे माहीतच नव्हतं. कोणालाच नव्हतं. नवरा माझं टोक धरून उभा होता, त्याने मान खाली घातली.

‘‘साडेचार तास?’’ मामंजींनी विचारलं.

‘‘साडेचार.’’

‘‘म्हणजे हा जबाब खरा आहे.’’

‘‘अक्षर न् अक्षर.’’

‘‘मग टाइप करावा लागेल,’’ मामंजी म्हणाले. ‘‘पण माझे रबरबँड परत दे.’’

‘‘दिले.’’

‘‘वर्तमानपत्र?’’

‘‘तेही दिलं. पण संत्रं राहू दे. त्याच्याशिवाय ते प्रकरण उभं राहत नाही.’’

मामंजी विचारात पडले. एवढ्यात सुतारीण म्हणाली, ‘‘वहिनी, तुमचं चालू द्या, पण माझे हात भरून आलेत. दार की टेबल, एकदाच काय ते सांगा.’’

‘‘टेबल!’’ सासरा आणि सून एकदम म्हणाले. सूनबाई पेटीवरून उठली आणि मी धप्पकन जागेवर आलो. असा धपका मला आयुष्यात कधी गोड लागला नव्हता.

पुढचे सहा दिवस सूनबाई घड्याळवाल्याला सुरुवातीपासून नव्याने ओळखून घेत होती. जुन्या सवयी काढून घेतल्यावर तो आधी नुसता खुंटासारखा उभा राहिला. मग हळूहळू त्याने आपल्या आपण दोन-चार गोष्टी शोधल्या. बंद पडलेल्या घड्याळाशी कुजबुजायचा, जिना उतरताना पायऱ्या मोजायचा आणि दर वेळी चुकायचा. लेक हसली. मामंजीही हसले. ‘‘हा कोणी वेगळाच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बरा आहे पण.’’

सातव्या दिवशी दुपारी मामंजींनी एकोणिसावं प्रकरण माझ्यावरच टंकयंत्र ठेवून टाइप केलं. ते कळफलकावर बोटं अशी आपटतात की माझ्या फळ्या हलतात. त्या दिवशीही आपटत होती. मग मंदावली. मग थांबली.

सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मामंजी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.

‘‘गेला गं बिचारा,’’ ते म्हणाले. ‘‘चांगला माणूस होता.’’

‘‘पाणी आणू?’’

‘‘आण. वय काय होतं त्याचं?’’

‘‘एक्याऐंशी.’’

‘‘हां. मला अठ्ठ्याहत्तर आहे,’’ मामंजी म्हणाले, आणि जरा सावरून बसले.

संध्याकाळी सूनबाई टाइप केलेली पानं तपासायला बसली. शेवटच्या पानावर तिचा हात थबकला. तिने न लिहिलेलं एक वाक्य तिथे होतं. ‘संत्र्याची शेवटची फोड त्याने सावकाश खाल्ली, मग डोळे मिटले.’ बत्तीस वर्षांत साक्षीदाराच्या तोंडी एक शब्दही न घालणाऱ्या माणसाने ते घातलं होतं. सूनबाईने तांबडी पेन्सिल उचलली, वाक्य दोनदा वाचलं, ‘फोड’वर चुकून पडलेला अनुस्वार खोडला आणि पान उलटलं.

पुस्तक येऊन आता दोन वर्षं झाली. मी मधोमध थोडा खोलगट झालोय, कोपराने कोपराने. शाईचा एक डाग आहे, त्याला लेक बदक म्हणते. तक्रार नाही. फक्त एवढंच मागतो, की या घरात कधी नव्या, गुळगुळीत टेबलाची हौस उपजली तर मला परत गॅलरीत उभं करू नका. भिंत बघून झाली आहे माझी.

आणि तुम्हालाही एक सांगतो. तुमच्या घरात कोणी लिहीत असेल तर त्याच्या कागदांत स्वतःला खुशाल शोधा. सापडलात आणि पटलं नाही, तर पानं लपवू नका. खुर्ची ओढा, समोर बसा आणि भांडा. कोणी कोणासाठी कुठल्या बाकावर किती तास बसलं होतं, ते तेव्हाच कळतं.

आता पुरे करतो. चार वाजले, मामंजी येत आहेत. नव्या कादंबरीत एक तऱ्हेवाईक आत्या आहे, आणि तिचं पुढे काय होणार हे त्यांना आजच्या आज हवं आहे.