टाचणीबाईंची सिनेमाची उशी

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवेल. माझ्या वाट्याला मात्र झोप कधी आलीच नाही. मी सिनेमाला न्यायची उशी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पँटच्या उरलेल्या जाड कापडाची खोळ शिवली, तिच्या पोटात चिंध्या ठासून भरल्या आणि मी जन्माला आले. बाई अंगाने बुटक्या. थिएटरात पुढे उंच माणूस बसला की त्यांना पडद्याऐवजी त्याची मान दिसायची. म्हणून माझा खटाटोप. आठवडाभर मी त्यांच्या मशीनपुढच्या स्टुलावर असायचे आणि सुट्टीच्या दिवशी पिशवीत बसून दुपारच्या खेळाला जायचे. पाचवी रांग, कडेची खुर्ची. खुर्चीवर मी, माझ्यावर बाई आणि बाईंच्या मांडीवर त्यांची चिमुकली लेक.

खेळ सुटला की दारावर तिकिटं फाडणारे काका विचारायचे, "काय बाई, कसा वाटला?" हे ऐकायला बाहेर पडणारी माणसंही रेंगाळायची. काम करताना बाईंच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, आणि बोलणंही त्याच जातीचं. सगळे त्यांना टाचणीबाईच म्हणत.

एकदा पुरात ताटातूट झालेल्या भावंडांचा सिनेमा लागला होता. सगळं थिएटर नाक पुसत बाहेर आलं. बाई म्हणाल्या, "बारा वर्षं वणवण केलेल्या माणसाच्या सदऱ्याला इस्त्रीची घडी कशी हो? मला रडू येतच होतं, तेवढ्यात ती घडी दिसली. रडू आल्या पावली परत गेलं."

जहाजावरच्या लढाईचा सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. बाईंना त्यातली लढाई आठवतही नव्हती. "तो म्हातारा आचारी एकटाच बटाटे सोलत बसतो ना, बाहेर तोफा चालल्यात आणि ह्याची साल तुटत नाही, ते खरं," म्हणाल्या, आणि तेवढ्यासाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. विनोदी सिनेमात नायक तिसऱ्यांदा घसरून पडला, तेव्हा त्यांना हसू यायच्या ऐवजी त्याच्या कमरेची काळजी वाटू लागली. भुताच्या सिनेमात तर त्यांनी मला मांडीवर घेऊन असं आवळलं की माझी एक शिवण उसवली. "भुतात काही राम नाही," काकांना त्या म्हणाल्या, "पण ती रिकामी खोली इतका वेळ दाखवली ना, तिथे जीव अर्धा झाला."

लेक मोठी झाली आणि सिनेमे काढायला शिकायचं म्हणून दूरच्या शहरात निघून गेली. दहा वर्षं उलटली. मग एक दिवस तिचा फोन आला. "आई, माझा पहिला सिनेमा आपल्या थिएटरात लागतोय. मी येतेय. शेजारी बसून बघू."

मित्रांनो, त्या दिवसापासून बाईंची चुळबुळ सुरू झाली. स्टुलावर मला ती नीट कळायची. त्या सारख्या जागच्या जागी सरकत. एका सदऱ्याला त्यांनी डावी बाही उजवीकडे जोडली. तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. शेवटी तिकीटवाल्या काकांना त्यांनी विचारलं, "पोरीचा सिनेमा मला आवडलाच नाही, तर खोटं कसं बोलायचं हो?"

"आधीपासून थोडं थोडं बोलला असतात, तर सवय राहिली असती," काका म्हणाले.

तो दिवस आला. थिएटरात मोजून एकोणीस माणसं होती. लेक आईच्या शेजारी बसली. पडद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती अंधारात आईचा चेहरा वाचत होती. आणि आई माझा कोपरा पिळत होती.

सिनेमा एका शिवणकाम करणाऱ्या आईचा होता. ती कामात गुणगुणायची, लेकीवर कधी चिडायची नाही. लेक घर सोडून निघते तेव्हा ती स्टेशनवर जाते आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसत हात हलवते. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. बाईंनी माझा कोपरा सोडून दिला.

दिवे लागले. "कसा वाटला?" लेकीने विचारलं.

बाईंनी माझा पिळलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाल्या, "कापड चांगलंय. पण आई खोटी आहे. मी स्टेशनवर आले नव्हते."

"माहितीये मला. तू तर दारापर्यंतही आली नव्हतीस. चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ते दाखवायचं होतं का मी? सगळ्या गावासमोर?"

"घाबरलीस तू मला."

"हो, घाबरले! आजसुद्धा घाबरूनच बसले होते!"

बाई उठल्या आणि तडक बाहेर चालू लागल्या. दारात काकांपाशीही थांबल्या नाहीत. मी खुर्चीवर तशीच राहिले. लेकही मला न बघता निघून गेली, आणि त्याच दिवशी तिच्या शहरात परतली.

झाडणाऱ्या बाईने मला तिकीटखिडकीखालच्या खोक्यात टाकलं. तिथे एकेकटे हातमोजे होते, एक काठी होती, चष्मा होता. दर सुट्टीच्या दिवशी मी बाईंच्या चपलांचा आवाज ऐकायला कान टवकारत असे. पाच आठवडे गेले, बाई आल्या नाहीत. आई आणि लेक कायमच्या तुटल्या असतील का, या विचाराने माझ्या पोटातल्या चिंध्यांच्या गाठी झाल्या.

सहाव्या आठवड्यात काकांनी मला काखेत मारलं आणि बाईंचं घर गाठलं.

"सिनेमातली आई खोटी, असं लेकीला सांगितलंत म्हणे," काका म्हणाले. "बरं केलंत. पण पुढचं सांगितलंत का?"

"पुढचं काय?"

"ते मला काय ठाऊक? मी नुसती तिकिटं फाडतो."

काका गेले. बाईंनी मला स्टुलावर ठेवलं, माझ्यावर बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"तू शिकायला गेलीस त्या दिवशी मी काय करत होते, सांगू?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता बाई बोलत राहिल्या. "मशीन चालवत होते. सुईत दोरा नव्हता. गाडी सुटायची वेळ टळेपर्यंत नुसते पाय मारत बसले. जागची उठले असते, तर तुला अडवलंच असतं."

पलीकडे कागदांची खसखस झाली. मग अगदी बारीक आवाज आला, "आई, जरा हळू सांग ना. मी लिहून घेतेय."

त्या दिवशी बाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. लेकीचा दुसरा सिनेमा अजून तयार व्हायचा आहे. तो कसा होईल, या काळजीने बाईंची चुळबुळ पुन्हा सुरू झाली आहे, आणि खरं सांगायचं तर माझीही.

मित्रांनो, वस्तू हरवली तर कुणीतरी ती काखेत मारून घरी आणून देतं. माणसाचं तसं नसतं. म्हणून आपल्या माणसाला खरं जरूर सांगा. पण सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्या शेजारी बसून राहा.