सरळ केलेला आवाज

माझं नवं गाणं हल्ली केशकर्तनालयापासून व्यायामशाळेपर्यंत सगळीकडे वाजतं. ताईच्या मागच्या मैफलीला चौदा माणसं होती, त्यातली तीन आमच्या घरची. हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. बरं, टोमणाच आहे.

बाबा आम्हा दोघींना एकाच सतरंजीवर बसवून शिकवायचे. ताई गायला लागली की डोळे मिटायचे, मी गायला लागले की घड्याळ बघायचे. "धाकटीचा गळा नाचगाण्याचा," असं पाहुण्यांसमोर हसत सांगायचे. मग ताई मला कोपऱ्यात घेऊन समजवायची, "मनावर घेऊ नकोस गं." मी घेतलं मनावर. चांगलं घट्ट घेतलं.

गेल्या वर्षी ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर काही हमी देईनात. जन्मभर रेकॉर्डिंग म्हटलं की नाक मुरडणारी ही बाई स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आली. "एकदाच नीट रेकॉर्ड करून ठेवू या. मी नसले गात, तरी मुलींना शिकायला काहीतरी राहील," म्हणाली. मुली म्हणजे तिच्या शिष्या.

माझी गाणी काढणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरने आधी हात वर केले. "मॅडम, एवढं संथ गाणं कोण ऐकतं हो? तुमच्या गाण्याला एका दुपारी मिळतात तेवढे लोक यांना वर्षात मिळायचे नाहीत."

"कव्हरवर माझं नाव टाका," मी म्हटलं. लगेच स्टुडिओ मोकळा झाला. कव्हरवर माझं नाव ठळक आलं आणि तिचं खाली बारीक अक्षरात. ताईने चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय." असला संताप आला मला! भांडली असती तर बरं झालं असतं.

ती चाळीस मिनिटं गायली, न थांबता. मी काचेच्या अलीकडे बसले होते. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

आता त्या स्टुडिओत होतात ती सगळी माझ्या जातीची गाणी. तिथे कुणाचाही आवाज आला की रेकॉर्डिस्ट आधी तो सूर सरळ करायच्या सॉफ्टवेअरमधून काढतो. चहात साखर घालावी तसं, न विचारता. ताईच्या गाण्यात एक सूर दुसऱ्यात घसरत जातो, मधली वाट कुठे संपली कळत नाही. तेवढ्यासाठी तिने चाळीस वर्षं घातली. सॉफ्टवेअरला ती चूक वाटली. त्याने सगळ्या घसरणी कापून पायऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टने मला कौतुकाने ऐकवलं. "बघा, किती स्वच्छ झालंय. मोठ्या मॅडमचा सूर जरा हलत होता."

मी शेवटपर्यंत ऐकलं. ताई अगदी माझ्यासारखी गात होती.

"मूळ ठेवायचं का?" त्याने विचारलं.

"कशाला?" मी म्हटलं. "पुसून टाक."

त्याने माझ्यादेखत पुसलं.

ऑपरेशन झालं आणि ताईचा आवाज गेला तो गेलाच. रेकॉर्ड मात्र चाललं हो! माझ्या नावावर चाललं. ताईने ते ऐकलं नव्हतं, दवाखान्यातच होती ना. घरी आल्यावर तिची थोरली शिष्या समोर बसून गायली, पायरी पायरीने. ताई हाताने नको नको करायला लागली. ती पोर गोंधळून म्हणाली, "पण तुमच्या रेकॉर्डमध्ये असंच आहे." मग ताईने रेकॉर्ड लावून ऐकलं.

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. बसली, पिशवीतून वही काढली आणि लिहिलं, 'मूळ रेकॉर्डिंग दे. बाकी काही नको.'

"ते गेलं गं," मी म्हटलं. "रेकॉर्डिस्टच्या हातून चुकून पुसलं गेलं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, ते तिने पुसलं नाही. मग तिने लिहिलं, 'असू दे. तुझा काय दोष? माझ्यासाठी तू केलंस ते कुणी केलं नसतं. मनावर घेऊ नकोस.' आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. जन्मभर हेच! मी वाईट वागायचं आणि हिने मोठं व्हायचं. मी तिचा हात झटकला.

"मी पुसायला लावलं," म्हटलं. "त्याने विचारलं होतं मला. मी ऐकलं, मला कळलं काय झालंय ते, आणि मी सांगितलं पुसून टाक. आता कर माफ!"

ताईने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, आणि नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा जोर केला. पुन्हा हवाच.

"लिही ना," मी ओरडले. "शिव्या घालायच्यात ना? घाल. लिहून घाल!"

तिने पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या. जिना उतरताना ती एकदाही थांबली नाही.